आईकडून आलेलं अक्षर

मी प्रयोगशाळेत रक्त तपासते आणि घरी भिंतीशी बोलते. आमच्या दादाला काही समजावणं म्हणजे तेच.

आईचे कान चाळिशीत गेले, तापावरच्या इंजेक्शनांनी. का गेले, ते मी गेल्या वर्षी शोधून काढलं आणि जेवणाच्या टेबलावर दादाला कागदावर काढून दाखवलं. पेशीत प्रथिनं जोडणारी यंत्रं असतात, रायबोसोम. जोडणीचं खरं काम त्यातला आरएनए करतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात अशी वेगळी यंत्रं असतात, आणि त्यांचा आरएनए फक्त आईकडून मिळतो. आमच्या आईच्या त्या आरएनएत एक अक्षर बदललंय, म्हणून तो जंतूंच्या आरएनएसारखा दिसतो. जंतूंवरचं औषध मग कानातल्या पेशींचीही यंत्रं बिघडवतं.

"म्हणजे घराण्यातला दोष," दादा म्हणाला.

"घराण्याचा काय संबंध? तुझ्या मुलांना धोका नाही. तुला, मला, धाकटीला आणि धाकटीच्या मुलीला आहे."

त्याने मान डोलावली. हे औषध देऊ नये असं डॉक्टरांना सांगणारं पत्र मी लिहून दिलं होतं; दुसऱ्या दिवशी त्याने त्याच्या प्रती काढल्या आणि स्वतःच्या दोन्ही मुलांच्या दप्तरात घातल्या. मी कपाळावर हात मारला.

"आणि धाकटीला?"

"तिला मी कळवतो. सासरच्या माणसांचा प्रश्न आहे, तू मध्ये तोंड घालू नकोस."

आमच्याकडे लेकींच्या सासरी काहीही कळवायचं ते दादानेच. मीही शहाणी, गप्प बसले. त्याबद्दल मला दादापेक्षा स्वतःचाच राग जास्त येतो.

आज दुपारी धाकटीचा फोन आला. सहा वर्षांची पोर तापाने पाच दिवस दवाखान्यात, रोज इंजेक्शन. मी औषधाचं नाव विचारलं. तेच होतं.

"दादाने पत्र दिलं नाही तुला?"

"कसलं पत्र, ताई?"

इंजेक्शन थांबवायला सांगून मी धावत सुटले. पाठोपाठ दादाही दवाखान्यात पोचला.

"अगं, तिचं आडनाव वेगळं," तो म्हणाला. "मला वाटलं, आपल्या घरातलं तिकडे कशाला जाईल?"

माझा तोल गेला. वर्षभराचं सगळं बाहेर पडलं. दादाही आवाज चढवून बोलू लागला. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली, नर्स दारातून धावत आली.

पोर मान खाली घालून चित्र रंगवत होती. नर्स धावताना दिसली तेव्हा तिने वर पाहिलं.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्ही दोघं काय कुजबुजताय?"