पेटीवरचं कुंकू

खंडेनवमीला राजारामपुरीतल्या त्या गॅरेजात सकाळपासून नुसती धांदल. कृष्णातनं शटरला झेंडूचं तोरण बांधलं, पाने-पकडी धुऊन पाटावर मांडल्या, त्याची आई धोंडुबाई तबक घेऊन बसली. पावणंरावळं जमलं. राहिला होता तो भागीदार, सम्राट. गॅरेज दोघांचं, तेव्हा नारळ दोघांनी मिळून वाढवायचा, ही कृष्णातनंच पाडलेली रीत.

सम्राट आला, पण शटरबाहेरच थांबला.

"आरं ये की आत! सगळी खोळंबल्यात."

"कृष्णा, यंदा मी न्हाय बसणार. वडील गेल्यावर ठरवलंय. मी बौद्ध माणूस, पूजा करणार न्हाय अशी आमची प्रतिज्ञाच हाय. तुमचं चालू दे, मी हितं उभा ऱ्हातो."

झालं! कृष्णातचं टाळकंच सणकलं. भर पावण्यांत दोस्तानं नाक कापलं की!

"इतकी वर्षं नारळ धरलास, तवा चाललं?"

"कधीच चाललं न्हाय. तुझं मन मोडाय नको म्हणून धरला."

हे मात्र फार लागलं. शाळेपासूनचा दोस्त, एका ताटात जेवलेला, आणि मनातलं कधी बोलला नाही? रागातला माणूस काय करील नेम नाही. कृष्णातनं तबकातलं मूठभर हळदकुंकू उचललं आणि कोपऱ्यातल्या सम्राटच्या हत्यारांच्या निळ्या पेटीवर पाची बोटांनी थापलं.

"घे! झाली तुझीबी पूजा. न्हाय पटत तर उचल पेटी आन लाग चालू!" वर दोन सणसणीत शिव्याही हासडल्या.

सम्राटनं आत येऊन खरंच पेटी उचलली. बाहेर नेली, स्वतःच्या गाडीवर ठेवून दोरी बांधायला लागला.

ही दोरी एकदा आवळली की दोस्ती संपली, हे कृष्णातला लख्ख कळलं. पण माघार घ्यायची कशी? तो बाहेर जाऊन आणखीच ओरडला, "आरं मुक्यासारखा काय करतोस? दे की मलाबी शिव्या!"

"न्हाय देणार." सम्राटनं दोरीला गाठ मारली. "बुद्धाला एकानं अशाच तोंडावर शिव्या घातल्या. बुद्धानं त्याला विचारलं, घरी आलेल्या पावण्याला तू ताट वाढलंस आन तो जेवलाच न्हाय, तर ताट कुणाचं? त्यो म्हणला, माझंच. बुद्ध म्हणला, तर मग ह्या शिव्याबी तुझ्याच, मी घेतल्या न्हाईत. कृष्णा, मी काय बुद्ध न्हवं. मला लई राग आलाय. पण तुझ्या शिव्या मी घेत न्हाय. आन हे कुंकूबी न्हाय."

कृष्णातच्या डोक्यात ते ताट घोळायला लागलं. दरवर्षी आपणच ताट वाढत आलो. भूक हाय का, एवढं कधी विचारलं नाही. वर साऱ्या गल्लीत मिरवलं, आमच्यात भेदभाव न्हाय म्हणून! त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्यानं फडकं घेतलं, पेट्रोलात बुडवलं आणि सगळ्यांदेखत पेटी पुसायला लागला.

"आरं ए!" धोंडुबाई आतनं किंचाळली. "कुंकू पुसतोस? सणासुदीला अपशकुन करतोस व्हय रं?"

"हू दे आई. पेटी त्याची हाय."

लाल झालेली पेटी पुन्हा निळी झाली. पण दोरीची गाठ तशीच. कृष्णातनं आत जाऊन एकट्यानंच नारळ वाढवला, पण त्याचं सगळं ध्यान बाहेर.

तेवढ्यात एक नर्सबाई बंद पडलेली स्कूटर ढकलत घामाघूम आल्या. "बघा की जरा, ड्युटीला उशीर झालाय."

कृष्णातनं हात चोळले. पूजेला लावलेली हत्यारं आज हलवायची नाहीत, हा घरचा दंडक. तो म्हणाला, "ताई, आज आमची हत्यारं..."

सम्राटनं एकदा त्याच्याकडं, एकदा त्या बाईकडं पाहिलं. मग दोरी सोडली, पेटी खाली घेतली आणि स्कूटरजवळ बसला.

कृष्णातही शेजारी उकिडवा बसला. सवयीनं त्याचा हात पेटीत गेला, आणि मधेच थांबला.

"सम्राट, हात लावू का रं?"

सम्राटनं वर पाहिलं नाही. इंजिनावर वाकूनच त्यानं हात पुढं केला.

"दहाचा पाना दे."