मधलं पांढरं

"काका, या डोळ्याला दिसतंय," पोस्टमन म्हणाला आणि त्याने डावा डोळा काढून टेबलावरच्या वाटीत ठेवला.

डोळेकाकांनी पॉलिशचं यंत्र बंद केलं. हॉस्पिटलच्या तळघरातल्या या खोलीत ते सव्वीस वर्षं कृत्रिम डोळे बनवत होते. टोचतो, गरागरा फिरतो, मेव्हण्याच्या लग्नात पंगतीत पडला, अशा सगळ्या तक्रारी त्यांनी ऐकल्या होत्या. दिसतंय, ही पहिलीच.

"मग बिघडलं कुठे? दिसावं म्हणून लोक जीव टाकतात."

"अहो, पण हे भलतंच दिसतं! चांगल्या डोळ्यावर हात ठेवला की समोर तळं. काठाला दगडी पायऱ्या, हिरवी नाव, आणि मधोमध एक खुर्ची. आमच्या घरासमोर औषधाचं दुकान आहे. तुम्ही पाहिलंय."

डोळेकाकांच्या हातातला अर्धवट डोळा निसटला आणि टेबलाखाली जाऊन भिंतीकडे बघत राहिला.

"कधीपासून दिसतं?"

"नऊ वर्षं झाली."

"नऊ वर्षं? आणि आज सांगताय?"

"छान होतं हो ते. छान गोष्टीची कुणी तक्रार करतं का?" पोस्टमन पुढे सरकला. "तक्रार ही आहे की आता कमी दिसतंय. खुर्चीवर पहिल्यापासून थोडं पांढरं होतं, कुणीतरी बसायचं राहिल्यासारखं. गेल्या महिन्यापासून ते पांढरं पसरायला लागलंय. काल नाव गेली."

गेल्या महिन्यापासूनच डोळेकाकांचा उजवा हात कापायला लागला होता.

आता या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. लोक याला काचेचा डोळा म्हणतात. डोळेकाका सव्वीस वर्षं "काच नाही, प्लॅस्टिक" असं सांगत आले होते आणि लोक सव्वीस वर्षं "हो हो, काचेचाच" म्हणत आले होते. शर्टाच्या बटणाएवढी एक काळी चकती असते. तिच्यावर चार केसांच्या कुंचल्याने बुबुळ रंगवायचं, पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे तंतू सुटे करून शिरा बसवायच्या, वर पारदर्शक थर चढवायचा आणि घासूनपुसून चमकवायचा. हे झालं सगळ्यांना माहीत असलेलं काम. बुबुळ रंगवण्याआधी डोळेकाका त्याच चकतीवर पाच मिनिटं स्वतःसाठी काढायचे. हात मोकळा व्हावा म्हणून. तरुणपणी त्यांनी एक मोठं चित्र मनात धरलं होतं, आणि ते निवांतपणे काढता यावं म्हणून दोन वर्षांपुरती ही नोकरी. चकतीवर ते त्या चित्राचा एखादा तुकडा काढायचे. कधी एक पायरी, कधी वल्ह्याचं टोक, कधी झाडाची नुसती सावली. मग त्यावर तपकिरी रंग. चेहऱ्याला डोळा बसला की पेशंट खूश, नातेवाईक खूश, आणि खाली कुठेतरी एक पायरी दडलेली. हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

निदान त्यांची तशी समजूत होती.

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी हात उलटापालटा करून पाहिला होता. "गोळ्या देतो. बारीक काम अजून सहा आठवडे जमेल. पुढे चहासुद्धा दुसऱ्याने ओतलेला बरा."

सहा आठवडे. शिल्लक रजा चाळीस दिवसांची. हिशेब एवढा चोख बसला की डोळेकाकांना भीती वाटली. घरी कपाटामागे भलामोठा कोरा कॅनव्हास अकरा वर्षं उभा होता. यादीत फक्त एक पेशंट उरली होती, आणि नवा माणूस यायला वर्षभर तरी लागणार होतं.

ती पेशंट म्हणजे बेकरीवाली. भट्टीने तिचा उजवा डोळा नेला होता.

"नवऱ्याकडे बघायला एक पुरतो हो," ती म्हणाली होती. "दुसरा गिऱ्हाइकांसाठी हवाय. माझ्याशी बोलताना लोक पावाकडे बघून बोलतात. आता पाव काय उत्तर देणार?"

डोळेकाकांनी तिला खरं ते सांगितलं. हाताचं, रजेचं, कॅनव्हासचं.

"तुमचं होऊ दे आधी. माझा डोळा गेलाय तो गेलाय. परत थोडाच जाणार आहे?" ती उठली आणि जाताना भुवईवरचा रुमाल खाली ओढून घेतला.

रजेच्या अर्जावर सही करताना हात हलला. साहेब म्हणाले, "चालेल. माझी सही तर निरोगी हातानेही अशीच येते."

घरी बायकोने कॅनव्हास ओढून बाहेर काढला, त्याच्यावरची कोळिष्टकं झाडली आणि खिडकीसमोर उभा केला.

"काढा आता. अकरा वर्षं मी त्याला आडोसा म्हणून वापरलाय. याच्यापुढे वारा आला तर मी जबाबदार नाही."

पहिल्या दिवशी डोळेकाकांनी पाण्याची रेघ काढली. दुसऱ्या दिवशी पुसली. हात गोळ्यांच्या जोरावर शांत होता, तक्रार हाताची नव्हती. हिरवा रंग कालवला की तो हिरवाच राहायचा, नावेचा होत नव्हता. एखाद्याला शर्ट देऊन टाकावा आणि मग कपाटात शोधत बसावं, तसं चाललं होतं. असे बावीस दिवस गेले.

तेविसाव्या दिवशी दुपारी बेल वाजली. बायकोने दार उघडलं. दारात चार माणसं उभी होती, आणि प्रत्येकाने एका डोळ्यावर तळवा ठेवला होता. सगळ्यांत पुढे पोस्टमन, त्याच्या मागे एक निवृत्त मुख्याध्यापिका.

"या, बसा," बायको म्हणाली. ती कशालाही दचकायची नाही, हा तिचा जुना दोष होता. "चहा ठेवते. घेताना हात काढा म्हणजे झालं, कप नवे आहेत."

चौघं सोफ्यावर ओळीने बसले. समोरच्या मोकळ्या भिंतीकडे एकटक बघत. भिंतीवर एक खिळा होता, बाकी काही नाही. मुख्याध्यापिकाबाईंची नजर डावीकडून उजवीकडे सरकली, काठाकाठाने चालल्यासारखी, आणि एका जागी अडली.

"पायऱ्या गेल्या," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं मी रोज संध्याकाळी तिथे बसतेय. काल पाय ठेवायला गेले तर खाली काही नाही."

"वारा सुटलाय," टोकाचा माणूस म्हणाला. खोलीत पंखासुद्धा बंद होता. पण त्याचे केस हलत होते.

"आणि खुर्ची वळलीय, काका," पोस्टमन हळूच म्हणाला. "आधी पाण्याकडे तोंड होतं. आता आमच्याकडे आहे."

चहा झाला. चौघं गेले. कप विसळता विसळता बायको म्हणाली, "आता सांगा."

डोळेकाकांनी सगळं सांगितलं. चकत्या, पाच मिनिटं, तपकिरी रंग. ती पाणी बंद करून ऐकत राहिली.

"म्हणजे सव्वीस वर्षं तुम्ही रोज चित्र काढत होता. आणि मला सांगत होता, वेळ मिळत नाही."

"हो."

"मी तुमच्यासाठी हळहळत होते, अहो! माहेरी जाऊन रडलेय मी, यांचं चित्र राहिलं म्हणून." तिने कप जरा जोरात पालथा घातला. मग विचारलं, "कसं आहे ते?"

"मला काय माहीत? मला दिसत नाही. माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत."

"माझेही." तिने नळ पुन्हा सोडला. "आपलं नशीबच असलं."

रात्री ताटं उचलताना बायको म्हणाली, "त्या बेकरीवालीला बोलवा. शेवटचं जे काय आहे ते तिच्या डोळ्याखाली जाऊ दे."

"मग इथे कोराच राहील हा."

"मला कोऱ्याची सवय आहे."

रजा मोडून तळघरात चकती तयार करायला एक दिवस लागला. डोळेकाकांनी कुंचला ओला केला. खुर्चीवर कुणाला बसवायचं हे सव्वीस वर्षांत ठरलं नव्हतं, आताही ठरेना. शेवटी त्यांनी खुर्चीच्या पायाशी चपलांचा एक जोड काढला. तेवढाच. राईच्या दाण्याएवढा. काढताना हात असा स्थिर होता की तो आपला नाहीच असं वाटलं. मग त्यांनी वर तपकिरी रंग चढवला, पावाच्या भाजलेल्या कडेसारखा. कडेला लाल तंतू बसवले. शेवटचा तंतू बसला आणि अंगठा हलायला लागला. तो काही पुन्हा थांबला नाही.

डोळा बसवायचा दिवस बुधवारचा. बुधवारी जुने पेशंट पॉलिशला येतात, त्यामुळे बाहेरचा बाक भरलेला होता. डोळेकाकांची बायकोही डबा द्यायच्या निमित्ताने येऊन टोकाला बसली होती.

बेकरीवालीने पापणी उचलली आणि डोळा स्वतःच सरकवला. डोळेकाकांच्या हाताकडे पाहून तिने ते आपणहून केलं. आरसा घेतला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"अगंबाई," ती म्हणाली. "आता गिऱ्हाइकांना शिळा पाव ताजा म्हणून सांगताना डोळ्याला डोळा द्यावा लागणार."

"चांगल्या डोळ्यावर हात ठेवून बघ जरा."

तिने ठेवला. तोंड किंचित उघडलं. त्याच क्षणी बाहेरच्या बाकावरून पोस्टमनचा आवाज आला, "काका! आलं हो सगळं परत! नाव, पायऱ्या..."

"आणि पांढरं?"

"गेलं," बेकरीवाली म्हणाली. "खुर्चीवर एक माणूस बसलाय. चपला काढून. हात मांडीवर ठेवलेत."

"मी माणूस काढला नव्हता," डोळेकाका म्हणाले.

"बसलाय पण. अगदी शांत." तिने मान जराशी वाकडी केली, गर्दीत ओळखीचं कुणी दिसल्यावर करतात तशी. मग हात काढून डोळेकाकांच्या पायांकडे पाहिलं. त्यांच्या रोजच्या जुन्या चपलांकडे.

डोळेकाका बाहेर आले. बाकावर सगळे एकेका डोळ्यावर तळवा ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते, आणि त्यांचे श्वास एका लयीत चालले होते. बायकोने सरकून जागा केली. ते बसले.

"दिसतं का हो तुम्हाला?" तिने कुजबुजत विचारलं.

डोळेकाकांचे दोन्ही डोळे शाबूत असल्यामुळे त्यांना दोन्ही झाकावे लागले. त्यांनी तळवे डोळ्यांवर धरले. उजवा हात काही केल्या स्थिर राहीना, आणि थरथरत्या बोटांच्या फटींतून तळघरातल्या ट्यूबलाइटचा उजेड आत हलायला लागला. पाण्यावर हलतो, तसा.

"थांब," ते म्हणाले. "बोलू नकोस."