चुलीवरच्या टोपलीतली बकरी

मित्रांनो, मी एक जुनी फिल्म आहे. तुम्ही ज्याला कार्टून म्हणता, त्याच्या अगदी सुरुवातीच्या काळातली. नाव विचारू नका. तुम्ही ते ऐकलेलं नसणार आणि मला उगीच वाईट वाटेल. बूट घालून डोंगर चढणारी एक बकरी माझ्यात आहे. तिची शेकडो चित्रं परदेशात कुणीतरी हाताने काढली. त्याचंही नाव कुणाला आठवत नाही.

मुंबईच्या बाजारात मी भंगारात पडले होते. जव्हार संस्थानातले कारकून लक्ष्मणराव यांनी मला उचललं, तेव्हा दुकानदार हसला. लक्ष्मणराव म्हणाले, "नावाजलेल्यांना कोणीही सांभाळतं. हिला कोण आहे?" अशा अनाथ फिल्म जमवायचं त्यांना वेडच होतं. हाताने फिरवायच्या यंत्रावर ते मला भिंतीवर दाखवत. मित्रमंडळी पोट धरून हसत आणि मी पुन्हा डब्यात जाई.

एका पावसाळ्यात धुकं घरात शिरलं आणि मला बुरशी आली. लक्ष्मणराव कामासाठी खोडाळ्याला गेले होते. घरकाम करणाऱ्या रखमीला डब्यातून कुबट वास आला आणि ती हळहळली. तिच्या पाड्यावर नागलीचं बियाणं चुलीवर धुरात टांगतात, म्हणजे त्याला बुरशी लागत नाही. तिने मलाही टोपलीत घालून चुलीवर टांगलं. माया होती हो तिची! पण माझ्या जातीच्या जुन्या फिल्मला भडकायला एक ठिणगी पुरते. माझ्या कडा आखडू लागल्या आणि मी मनातून पार घाबरले.

तेवढ्यात लक्ष्मणराव परतले. टोपली पाहून ते पांढरेफटक पडले. त्यांनी झडप घालून मला खाली घेतलं.

"रखमे, घर पेटलं असतं! कुणी सांगितलं होतं हे?"

रखमी चुलीपासून मागे सरली. "धुरात बी टिकतं ना, भाऊसाहेब. तुमचा जीव हाय हिच्यात, म्हनून ठेवली. आत काय हाय, मना काय ठावं? मना कवा दावलंत?"

लक्ष्मणरावांची नजर भिंतीकडे गेली. माझा पडदा झालेली ती भिंत रखमीच सारवायची, पण भिंतीवरची बकरी तिला त्यांनी कधीच दाखवली नव्हती.

त्यांनी मला पुसून यंत्रावर चढवलं. आखडलेल्या कडांमुळे बकरी लंगडत चालली. "आगं बाय, पाय मुरगाळला तिचा!" रखमी कळवळली. बकरी माथ्यावर पोचली तेव्हा रखमीने पदराने डोळे टिपले. मला हसणारे पुष्कळ भेटले होते, माझ्या बकरीची काळजी करणारं हे पहिलंच माणूस.

मित्रांनो, आम्हा अनोळखी फिल्मना आगीपासून, ओलीपासून जपा. पण नुसतं डब्यात कोंडू नका; जे हात आमच्यासाठी राबतात, त्यांना आम्हाला आधी दाखवा. त्या संध्याकाळी लक्ष्मणरावांनी यंत्राचा दांडा रखमीच्या हातात दिला, आणि माझी बकरी पायथ्यापासून पुन्हा निघाली.