लिटरला सात

पेठ वडगावच्या पुढं, ओढा ओलांडून, उसात एक घर आहे. आमची जिप्सी तिथून आली, २००१ च्या मार्चमध्ये. गाडी दहा वर्षांची होती, त्यातली शेवटची पाच वर्षं गोठ्याशेजारी नुसती उभी. माझे यजमान राजशेखर जनावरांचे डॉक्टर, आमचं बिऱ्हाड वारणानगरच्या कॉलनीत. वस्त्यांवरच्या चिखलात शिरायला चारी चाकं ओढणारी गाडी हवी, आणि बायको-पोरीला घेऊन जाता येईल अशी लहानही हवी, असं त्यांचं म्हणणं. आमची भूमी तेव्हा पाच महिन्यांची होती.

राजशेखर आणि गाडीचे मालक वीरभद्रअण्णा बॉनेट उघडून बोलत होते. भूमीला कडेवर घेऊन मी मागच्या बाजूला गेले. जिप्सीत मागं दोन बाक असतात, समोरासमोर. डाव्या बाकावर एक बाई बसली होती. हिरवी साडी, दिवस भरलेले, कपाळावर घाम. घरातली सून असावी, सावली बघून टेकली असावी, असं मला वाटलं. तिनं भूमीकडं असं बघितलं की मी दुपटं जरा बाजूला करून तोंड दाखवलं.

"निघतो आम्ही," मी म्हटलं. मग आपल्याकडं सगळेच म्हणतात ते म्हटलं, "चला की वैनी, सोडतो."

ही कोल्हापूरकडची रीतच आहे. गाडी असू दे नाहीतर सायकल, 'चला, सोडतो' म्हणायचं. समोरच्यानं 'नको, व्हा तुम्ही पुढं' म्हणायचं. दोघांचा मान राहतो आणि कुणी कुणाला कुठं सोडत नाही.

ती नको म्हणाली नाही. "पोचवशीला न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय की! न पोचवायला काय झालं?" मी हसले.

तेवढ्यात राजशेखरांनी हाक मारली. मी वळून परत आले तोवर बाक रिकामा होता.

राजशेखरांना ॲव्हरेजचं वेड. टाकी गळ्यापर्यंत भरायची, किलोमीटर लिहायचे, संपत आली की पुन्हा गळ्यापर्यंत भरायची आणि भागाकार करायचा. वीरभद्रअण्णांनी सांगितलं होतं, लिटरला अकरा देते. पहिल्या टाकीला सात आलं. दुसऱ्या टाकीला सात. घाट चढला तरी सात, सपाट रस्त्यानं हळू नेली तरी सात. सव्वासात नाही, पावणेसात नाही. माणसाच्या तापातसुद्धा थोडा चढउतार असतो, म्हणाले ते.

मंगळवार पेठेतल्या केरबा मिस्त्रीकडं नेली. त्यानं कार्बुरेटर धुतला, प्लग बदलले, चाकात हवा भरली.

"डाक्टर, ही गाडी हाय का म्हस?" तो गाडीखालनं ओरडला. "वैरण म्हशीची आन दूध शेळीचं!"

"म्हशीचं मी बघतो. तू गाडीचं बघ."

केरबा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा चेष्टेचा नव्हता. "लिव्हर दोनवर हाय. फुडची चाकं मोकळी हायती, हातानं फिरत्यात. पर पेट्रोल पितीया चारी चाकं लावल्यागत. ती बी बारक्या गिअरची चार, चिखलातली. तसली डांबरीवर कोण चालवतंय?" मग मागच्या चाकाजवळ वाकून म्हणाला, "आन डाव्या अंगाला बसलीया बघा. वैनी, लोणच्याची बरणी इसरला न्हाईसा न्हवं आत?"

मी हसले. आत काहीच नव्हतं. भूमीची दुरडी तेवढी होती.

दुरडीचं सांगायला हवं. भूमी घरात झोपायची नाही, गाडीत मात्र दोन मिनिटांत झोपायची. म्हणून रोज संध्याकाळी राजशेखर शेजारच्या गावांतले गोठे बघायला निघाले की तिलाही न्यायचे. दुरडीत दुपटं अंथरून ती दोन बाकांच्या मधे ठेवायची, दोरीनं बाकाला बांधायची. तेवढा तास माझा. केस विंचरायचे, चहा गरम असताना प्यायचा, चार ओळी वाचायच्या. मला तो तास फार हवा असायचा, हे मी लपवत नाही.

भूमी परत यायची ती अंगावर प्यायला तयार नसायची. रडायची नाही, चिडायची नाही. पोट भरलेल्या माणसानं ताट सरकवावं तसं तोंड फिरवायची. ओठ ओले, डोळे जड. माझी चोळी भिजून जायची आणि ही गुपचूप झोपायची. तिच्या जावळाला ओव्याच्या धुरीचा वास यायचा. आमच्याकडची धुरी तिसऱ्या महिन्यातच बंद झाली होती. दुपट्याला राहिला असेल, असं म्हणून मी दुपटी उकळून धुतली.

मे महिन्यात कॉलनीतल्या नर्सबाईंनी तिला काट्यावर ठेवलं. सात किलोची पोरगी साडेसहावर आली होती. जूनमध्ये सहा.

"अंगावरचं कमी पडतंय तुमचं," नर्सबाई म्हणाल्या. "वरचं चालू करा."

कमी कुठलं! दिवसातून तीनदा चोळी बदलत होते मी. नाचणीचं सत्त्व केलं, मऊ भात केला, वाटीचमचा घेऊन घरभर फिरले. भूमी गोड हसायची आणि ओठ मिटून घ्यायची. हातावरच्या वळ्या गेल्या. कानातलं सोन्याचं डूल कानापेक्षा मोठं दिसायला लागलं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, काही सापडलं नाही.

एका संध्याकाळी मी तास सोडून दिला आणि बरोबर गेले. ऊन अजून भिंतींवर होतं. एका गोठ्यापाशी राजशेखरांनी गाडी उभी केली, किल्ली काढली, बॅग घेऊन आत गेले. मी पुढंच बसून राहिले. इंजिन गार होताना टिकटिक करत होतं, त्यामागून दुसरा एक आवाज येत होता. तो आवाज कुठल्याही आईला ओळखता येतो. चुटुक, चुटुक, मग एक लांब श्वास, पुन्हा चुटुक.

मी मागं बघितलं. बंद गाडीत दुरडी सावकाश हलत होती. भूमीचे डोळे मिटलेले, गाल आत जात होते आणि बाहेर येत होते, गळ्याची घाटी हलत होती. तिची मूठ हवेत काहीतरी घट्ट धरून होती. डाव्या बाकाचं रेक्झिन मधोमध दबलं होतं.

मी दुरडीसकट तिला बाहेर ओढलं. ती तेव्हा रडली. दोन महिन्यांत पहिल्यांदा रडली, पण ते रडणं माझ्यासाठी नव्हतं.

गाडीत न्यायचं बंद केलं. तीन दिवस भूमीनं काहीच घेतलं नाही, ना माझं, ना चमच्यानं. खिडकीकडं तोंड करून पडून राहायची. खिडकीखाली गाडी उभी असायची. राजशेखरांना सगळं सांगितलं, तर माझ्या कपाळाला हात लावून म्हणाले, "तुझी झोप व्हईना झालीया, दानेश्वरी." पण चौथ्या दिवशी भूमीचा हात त्यांनी दोन बोटांत धरला, वासराची नाडी बघावी तसा. मी किल्ली मागितली. कुठं, कशाला, न विचारता त्यांनी दिली. कॉलनीच्या मैदानावर त्यांनीच मला गाडी शिकवली होती.

भूमीला शेजारच्या विठाबाईंकडं ठेवलं आणि सकाळी नऊला वडगावच्या त्या घरी पोचले. वीरभद्रअण्णा रानात गेले होते. सोप्यात त्यांची आई बसली होती, रत्नव्वा. कपाळाला विभूतीचे पट्टे, मांडीवर शेंगांचं सूप. माझं बोलणं तिनं शेंगा फोडत ऐकलं. डाव्या बाकाशी आले तेव्हा तिचे हात थांबले.

"हिरवी साडी?"

"व्हय."

"कस्तुरी. माझी सून," ती म्हणाली. "पाच सालं झाली. आषाढात पोटात दुखाय लागलं, पहाटंची येळ. टाकीत तीन लिटर पेट्रोल. वीरभद्र म्हणाला, अकरा देती, तीन अक्रं तेहतीस, कोल्हापूरचा दवाखाना चोवीस. पंपावर न्हाई थांबला. चिखलातनं वर काढाय चार लावलं, बारीक गिअर टाकला आन डांबरीवर गेल्यावर काढायचं इसरला. जीव थाऱ्यावर न्हवता माज्या लेकाचा. बरोबर एकवीस किलोमीटरला गाडी बंद. पेट्रोल मिळंपर्यंत..." तिनं एक शेंग फोडली, दाणे काढलेच नाहीत. "दोघं बी गेली. ती आन तिच्या पोटातलं. मागच्याच बाकावर."

मी वळून बाहेर उभ्या गाडीकडं बघितलं.

"आमाला कवा दिसली न्हाई," रत्नव्वा म्हणाली. "पाच सालं तिथं गोठ्यापाशीच हुती म्हणायची. तुज्यासंगं का आली? तू काय म्हणालीस तिला?"

"चला, सोडतो म्हणाले."

"आन ती?"

"पोचवशीला का, म्हणाली. मी व्हय म्हणाले."

रत्नव्वानं सूप खाली ठेवलं. "मग सोड की यव्वा," ती म्हणाली. "सोडलंच न्हाईस न्हवं अजून."

तिनंच खणाची ओटी काढून दिली. तांदूळ, नारळ, हळकुंड. डाव्या बाकावर मी ती ठेवली, हळदीकुंकवाची बोटं बाकाला लावली. गावात येऊन पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली, पेट्रोल तोंडाशी आलेलं वाकून बघितलं. पुन्हा घरापाशी गेले. निघायचं तर जिथून ती निघाली होती तिथूनच.

"वैनी, चला. सोडते," मी म्हटलं.

गाडी डाव्या अंगाला किंचित खाली गेली.

मी किलोमीटरचा आकडा बघून ठेवला. ओढा, उसाची वाट, मग डांबरी. लिव्हर दोनवर होती, मी दोनदा हात लावून बघितला, पण इंजिन चिखलातून ओढावं तसं कण्हत होतं. हमरस्त्यावर ट्रकवाले हॉर्न मारून पुढं जात होते. मागून कळा दाबल्याचा आवाज येत होता. मी आरशात बघितलं नाही. भूमीच्या वेळी माझी आई बोलत राहिली होती तशी मी बोलत राहिले. "थोडंच ऱ्हायलं. लांब श्वास घ्या. ती बघा शिरोली आली." काटा माझ्या डोळ्यांदेखत खाली येत होता. दहाला अर्धा. पंधराला पाव. एकविसाव्या किलोमीटरला काटा तळाला टेकला आणि इंजिनानं आचका दिला.

मागचा आवाजही थांबला. ती वाट बघत होती. तिला माहीत होतं पुढं काय होतं ते.

"वैनी, ऐका," मी म्हटलं. "टाकी भरल्याली हाय. मी वाकून बघितलीया, माज्या डोळ्यानं. कुणी हिशेब केल्याला न्हाई, भरलीया. हितं थांबत न्हाई आपण. बसून ऱ्हावा."

गाडी आपल्या वेगानं वाहत होती, हळू होत होती. दूध भरल्यावर येते तसली चमक आली छातीत. मग इंजिनानं पुन्हा धरलं. असं धरलं, की जणू कुणी मागून हात काढून घेतला.

पुलावरून पंचगंगा ओलांडली. दवाखान्याच्या दारात सकाळची गर्दी होती, केळीवाले, रिक्षा, पिशव्या घेऊन बसलेल्या आज्ज्या. मी मागचं दार उघडलं, बाजूला उभी राहिले. कुणी उतरताना गाडी हलते तशी ती हलली आणि डावं अंग वर आलं. बाकावर ओटी नव्हती. तांदळाचे चार दाणे तेवढे होते, खाचेत.

मी दार लावलं, वळले, आणि अगदी कानाशी, दमलेल्या पण हलक्या झालेल्या आवाजात तिनं विचारलं,

"आन न्यायला कवा येशीला?"

याला काय म्हणायचं असतं ते आपल्याला लहानपणापासून पाठ असतं. बाळंतिणीला असं विचारायला लावायचंच नसतं. 'येते की' माझ्या जिभेवर आलं होतं. मी पदराचा बोळा दातांत धरला. तशीच गाडीत बसले, तशीच गाडी सुरू केली. ती दारात किती वेळ उभी होती मला माहीत नाही.

कॉलनीत शिरताना विठाबाईंच्या घरातून रडणं ऐकू आलं. कडक, रागावलेलं, टाचा घासत रडणं. विठाबाई भूमीला खांद्यावर आपटत फेऱ्या घालत होत्या. "अगं कुठं हुतीस? घंटाभर झाला, भूक भूक करून जीव खाल्ला माजा!"

मी त्यांच्या उंबऱ्यातच बसले. भूमीनं इतक्या जोरात ओढलं की मला डोळ्यांसमोर काजवे दिसले. दोन्ही बाजू संपवल्या, ढेकर दिली, पुन्हा शोधायला लागली. मी तिच्या जावळाला नाक लावलं. नुसता घामाचा वास होता, आंबूस, आमचा.

पुढच्या टाकीला अकरा आलं. राजशेखरांनी आकडा तीनदा बघितला आणि वही मिटली. केरबा अजून सांगत फिरतो की कार्बुरेटर त्यानं धुतला म्हणून. भूमीच्या हाताला दसऱ्यापर्यंत वळ्या आल्या.

कोल्हापूरला गेलो की त्या दवाखान्याचा रस्ता आम्ही टाळतो. लांब पडतं, पेट्रोल जास्त जातं, तरी राजशेखर आपणच गाडी वळवतात. घरी आलेलं कुणी निघालं की मी आत जाऊन भांड्यांचा आवाज करते, म्हणजे 'चला, सोडतो' माझ्या तोंडून जाणार नाही. पण भूमी पिताना झोपते आणि तिचं तोंड सुटतं, तेव्हा दर वेळी मला ती दारात उभी दिसते. हातात ओटी, कडेवर दुपट्यातलं बाळ, आणि रस्त्याकडं डोळे.