झाकणभर चहा

मी एक जुना थर्मास आहे, मित्रांनो, आणि आमच्या भाऊबंदांत टीव्हीवर झळकलेला बहुधा मी एकटाच. हसू नका. अंगावरचा हिरवा रंग उडालाय, बुडाला पोचा आलाय, हे मलाही ठाऊक आहे. पण पोटातली काच अजून शाबूत आहे, आणि काच शाबूत आहे तोवर थर्मासला म्हातारा म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारखान्यात माझी काच फुंकली गेली, तिच्या दोन भिंतींमधली हवा काढून घेतली आणि तिला पत्र्याच्या अंगात बसवलं. दुकानाच्या मांडणीवर मी फार काळ राहिलो नाही. एक नवी नवरी आली, माझं बूच काढून आत डोकावली आणि नवऱ्याला म्हणाली, "हाच घेऊ या. तुम्हाला कुठं वेळेवर चहा मिळतो!" नवरा पोलिसांत होता, गुन्ह्यांचा तपास करायचा. त्याने नुसती मान हलवली. बोलणं मुळातच बेताचं. पुढे खात्यात सगळे त्यांना 'मुके साहेब' म्हणू लागले.

मुक्या साहेबांबरोबर मी चौकशीच्या खोलीत उभं आयुष्य काढलं. एक टेबल, दोन खुर्च्या, हात पोहोचणार नाही इतकी उंच खिडकी. समोर कुणी संशयित बसला की साहेब माझ्या झाकणात चहा ओतत, त्याच्यापुढे सरकवत आणि गप्प बसत. स्वतः घोटभरही घेत नसत. समोरच्याला वाटे, आता ओरडतील, टेबलावर हात आपटतील. कसलं काय! साहेब आपले बघत बसत. नव्या हाताखालच्यांना ते सांगत, "खोटं बोलणाऱ्याला तोंडाला काहीतरी काम हवं असतं, तो चहा घटाघटा पितो. खरं बोलणारा ते पटवून देण्यात इतका गुंततो, की त्याचा चहा थंड होऊन जातो."

माझ्या झाकणाने किती चोर पकडून दिले म्हणून सांगू! पण मला जास्त अभिमान आहे तो थंड चहाचा. त्याच्यामुळे कितीतरी निरपराध माणसं घरी गेली. दारावरचा शिपाई म्हणायचा, "थर्मास आत गेलाय ना? मग आता खरं काय ते बाहेर येणारच." मी ऐकून फुलून जायचो.

आता जे सांगतोय ते मला सांगवत नाही. साहेबांची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. एका संध्याकाळी ती खूप उशिरा घरी आली. मैत्रिणीला अपघात झाला होता, तिच्यापाशी दवाखान्यात थांबले, असं म्हणाली. साहेबांनी मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं, झाकणात चहा ओतला, तिच्यापुढे सरकवला आणि गप्प बसले.

पोर झाकणाकडे बघतच राहिली. ते संशयितांपुढेच सरकतं, हे तिला ठाऊक होतं. "मी खरं बोलतेय, बाबा," ती म्हणाली. एकदा म्हणाली, पुन्हा म्हणाली, मग रडत म्हणाली. तिची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, पोरीला असं काय बसवलंय? बोला तरी काहीतरी." साहेब बोलले नाहीत. चहावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी त्या मैत्रिणीची आई आभार मानायला घरी आली. साहेबांनी तिला बसायला सांगितलं, मला धुऊन पुसून ठेवलं आणि कामावर गेले. मुलगी पुढे नोकरीला दुसऱ्या शहरात गेली, तिथंच तिने संसार थाटला. आई होती तोवर तिचं येणंजाणं टिकलं. आई गेली, आणि उरला फक्त फोन. "बरे आहात? जेवलात? ठेवते."

साहेब निवृत्त झाले तसा मीही झालो. कपाटाच्या वरच्या फळीवर, उलट्या घमेल्याशेजारी माझी रवानगी झाली. माझ्या झाकणात कोळ्याने बिऱ्हाड केलं. एकट्या माणसाला थर्मास कशाला लागतो?

आणि एक दिवस ते बोलावणं आलं. टीव्हीवर फसवाफसवीचा एक खेळ होणार होता. काही माणसं एका बंगल्यात राहणार, त्यांतल्या काहींना गुपचूप 'ठक' बनवणार, बाकीचे 'साधे'. ठकांनी साध्यांना फसवायचं, साध्यांनी ठक ओळखायचे, आणि रोज सगळ्यांनी मिळून एकाला घरी धाडायचं. फोनवर मुलगी म्हणाली, "जा की. दिवसभर माणसांवर संशय घ्यायचा, तुमच्यासाठीच काढलाय हा खेळ." तिच्या बोलण्यातला काटा मला फळीवरून कळला. साहेबांनाही कळला असणार. तरी त्यांनी मला खाली काढलं, कोळ्याला हुसकावलं आणि पुटपुटले, "चल बाबा. पोर रोज बघेल तरी."

बंगल्यात साहेबांनी आपण निवृत्त मास्तर असल्याचं सांगितलं. ते साध्यांत होते. ज्याचा संशय येई त्याला व्हरांड्यात बोलावून माझ्या झाकणातून चहा देत. एक ठक गायक गेला, एक ठक शिंपी गेला. एकटं बसून कॅमेऱ्याशी बोलायच्या खोलीत साहेबांनी आपला खरा पेशा आणि थंड चहाची गोष्ट सांगितली. बंगल्यातल्या कुणालाच ती ठाऊक नव्हती, पण घरोघरी लोकांनी ती ऐकली आणि माझं कौतुक सुरू झालं.

शेवटी दोघंच उरले: साहेब आणि एक निवृत्त नर्स, जिला सगळे सिस्टर म्हणत. बाई मोठी मायाळू. आता साहेबांनी एकच शब्द सांगायचा होता, 'विश्वास' किंवा 'संशय'. सिस्टर साधी असेल आणि विश्वास ठेवला, तर दोघंही जिंकणार. ती ठक असेल आणि विश्वास ठेवला, तर सगळं तिचं.

साहेबांनी झाकणात चहा ओतून पुढे सरकवला. सिस्टरने हात लावला नाही. "मास्तर, तुम्ही ज्याला चहा देता तो घरी जातो, एवढं मलाही कळतं हो. आधी तुम्ही घ्या. मी खरं बोलतेय, माझ्यावर विश्वास ठेवा."

मी खरं बोलतेय. हेच शब्द साहेबांनी एकदा जेवणाच्या टेबलाशी ऐकले होते. त्यांनी आतली छोटी वाटी काढली, तिच्यात चहा ओतला आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याबरोबर प्यायले. मग कुणाचा चहा थंड होतोय हे कळायचं कसं? ते म्हणाले, "विश्वास."

सिस्टर ठक होती. तिने साहेबांचे हात धरून माफी मागितली. "खेळच तसा होता, मास्तर." साहेब म्हणाले, "छान खेळलात."

घरी आलो तर गल्लीत थट्टा तयारच होती. पेपरवाला ओरडला, "काय साहेब, नर्सबाईंनी टोपी घातली की!" साहेब हसले आणि मला घेऊन जिना चढले. मला वाटलं, पुन्हा फळी. आता खाली उतरणं नाही.

पण दारात मुलगी उभी होती. हातात बॅग, डोळे सुजलेले. आत आली ती तडक स्वयंपाकघरात गेली, चहा केला, माझ्यात भरला. टेबलाशी बापाला बसवलं, झाकणात चहा ओतून त्यांच्यापुढे सरकवला आणि समोर बसली. गप्प.

साहेब झाकणाकडे बघत राहिले.

"टीव्हीवर ऐकलं मी," शेवटी तीच बोलली. "खरं बोलणाऱ्याचा चहा थंड होतो म्हणे. माझा झाला होता, बाबा. साय धरली होती त्याच्यावर. म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"हो."

"त्या परक्या बाईवर विश्वास ठेवलात. माझ्यावर नाही."

"तुझ्यावर होता गं. बोललो नाही." साहेब पुढे झुकले. "वाट बघायची सवय लागली होती. खरं कळल्यावर इतरांना मी सांगायचो, जा घरी. तुला काय सांगू? तू घरीच होतीस. शब्दच सुचेनात. सकाळी सांगू म्हटलं, मग संध्याकाळी. तुझी आई रोज म्हणायची, फोन करा, बोला. मला तुझी लाज वाटत होती. म्हणजे, तुझ्यासमोर मला माझी लाज वाटत होती. चुकलो मी, बाळा. फार चुकलो."

मुक्या साहेबांना इतकं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. ते बोलतच राहिले. मुलीने मध्येच हात पुढे करून झाकणाला बोट लावलं आणि तिचे डोळे भरून आले.

"बाबा, तुमचा चहा थंड झाला."

तिने तो मोरीत ओतला. मग झाकणात तिच्यासाठी आणि वाटीत त्यांच्यासाठी नवा चहा ओतला, आणि दोघं एकदमच प्यायले.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा थर्मास तुमच्या घरी फळीवर असेल तर त्याला खाली काढा. बूच उन्हात ठेवा, काचेला धक्का लागू देऊ नका, ती फुटली की जोडता येत नाही. आणि आपल्या माणसाला चहा द्याल तेव्हा स्वतःसाठीही ओता. मी सकाळचा चहा संध्याकाळपर्यंत गरम ठेवतो, पण माझ्यातून एकदा बाहेर ओतलेल्या चहाला माझा काही इलाज चालत नाही.