कुजलेल्या खांबाचा आवाज

रोवेनाने जुन्या मोटारीच्या दाराच्या लाकडी खांबात टोच्या खुपसला, तो थेट मुठीपर्यंत आत गेला. बाहेरून हिरवा पत्रा चकचकीत आणि आत ॲश झाडाच्या लाकडाचा ओलसर भुगा. बिजागरीचे स्क्रू तिने नुसत्या बोटांनी काढले.

“परवा वळणावर दार आपणहून उघडलं,” गाडीचे मालक मिस्टर ट्रेहर्न म्हणाले. “मी बाहेर पडता पडता राहिलो.”

“मग हा खांब गेला समजा. नवा घालते.”

“घाल. पण दाराचा आवाज तोच राहू दे, पोरी.”

रोवेना हसली. ते हसले नाहीत.

त्यांची बायको, म्युरियल, टेकडीवरच्या वृद्धाश्रमात होती. नवऱ्याचा चेहरा ती केव्हाच विसरली होती, नाव तेवढं आठवत होतं. पण ही गाडी खिडकीखाली थांबली आणि दार लागलं, की ती म्हणे, “आयव्हर आला.” त्यानंतर जो माणूस आत येई, तो तासभर तिचा आयव्हर असे.

रोवेनाने दार पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. खांब कलल्यामुळे दार खाली झुकलं होतं, लावताना जरा उचलावं लागे. आधी करकर, मग दबका धप्प, मागाहून कडीचा हलकासा खट. कल जपला तर आवाजही टिकेल, असा तिने हिशेब केला.

जुना खांब समोर ठेवून नवा घडवायचा, ही रीतच होती. पण झीज आणि कल वजा करून मूळ सरळ रेष शोधायची असते. रोवेनाने कलासकट नक्कल केली. गावाभोवतीची ॲशची झाडं रोगाने उभ्या उभ्या वाळत चालली होती. जपून ठेवलेली शेवटची चांगली फळी तिने त्यासाठी काढली.

“काय गं, खांब दारू प्यायलाय का?” वर्कशॉपातल्या शेजारच्या कामाच्या बाकावरून डेझमंड म्हणाला.

“गिऱ्हाइकाला असाच हवाय.”

“उद्या मी चाकं चौकोनी करतो.”

दार बसलं. करकर आली, उचलावंही लागलं. पण धप्प आला तो कोरडा, टणक. तिने फेल्टची मऊ पट्टी लावून पाहिली, कडी सैल करून पाहिली. मग तिच्या लक्षात आलं. इतकी वर्षं तो भुगाच आवाज गिळत होता, आणि भुग्यात स्क्रू धरत नाही.

तिने ट्रेहर्नना ते स्पष्ट सांगितलं.

“जवळपास तसाच आहे की,” ते म्हणाले. “चल तूही. चहा मिळेल.”

वृद्धाश्रमाच्या अंगणात त्यांनी दार नेहमीसारखं उचलून लावलं. वर खिडकीत म्युरियलची मान वळली. क्षणभर थांबली आणि परत फिरली.

दोघं खोलीत गेले तेव्हा तिने अदबीने खुर्च्या दाखवल्या.

“बसा ना. आमचे हे येतीलच एवढ्यात. गाडीचं दार वाजेल, तेव्हा कळेल.”

रोवेनाने ट्रेहर्नकडे पाहिलं नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“असं का,” ते म्हणाले. “मग थांबतो मी.”

चहा आला. म्युरियलने चौथा कप मागवला, त्यात चहा ओतला आणि निवू नये म्हणून त्यावर बशी झाकून ठेवली.