फुगणाऱ्या पृथ्वीचा ओळंबा

मित्रांनो, माधवनगरच्या एका पत्र्याच्या खोलीत, खिळ्याला टांगलेल्या कापडी पिशवीत मी राहतो. मी एक जुना पितळी ओळंबा आहे. वजन पाऊण किलो, पोट गोल, खाली टोक. भिंत सरळ आहे की नाही हे सांगणं माझं काम. खरं म्हणजे मला काहीच करावं लागत नाही. दोरीला लटकायचं आणि गप्प राहायचं, बस. पण गप्प राहण्याचाही शीण येतो, हे माझ्या वयाला पोचल्यावर कळतं.

माझा जन्म सांगलीतल्या एका ओतकामवाल्याच्या भट्टीत झाला. जुने नळ, फुटक्या समया आणि मोडलेली कुलपं वितळवून त्यानं मला ओतलं आणि लेथवर घासून गुळगुळीत केलं. माझ्याबरोबर एक सागवानी ठोकळा आला. हा ठोकळा आमच्या कामात फार महत्त्वाचा असतो, म्हणून नीट ऐका. ठोकळ्याला मधोमध भोक असतं आणि त्यातून माझी दोरी जाते. गवंडी तो ठोकळा भिंतीच्या वरच्या टोकाला टेकवून धरतो आणि मला खाली सोडतो. ठोकळ्याची रुंदी आणि माझ्या पोटाची जाडी अगदी सारखी असते. त्यामुळे भिंत सरळ असेल, तर मी खाली भिंतीला जेमतेम शिवतो. भिंतीचा पाया पुढं आला असेल, तर मी तिच्यावर रेलतो.

मौला मिस्त्री उस्तादाकडचं काम सोडून स्वतःच्या हिमतीवर कामं घेऊ लागले, तेव्हा उस्तादानं मला त्यांच्या हातात ठेवलं. मौला मिस्त्री विहिरी बांधत. खाली कातळ लागेपर्यंत काळ्या दगडाचं घडीव बांधकाम करायचं आणि आत उतरायला पायऱ्या काढायच्या, हा त्यांचा हातखंडा. त्यांची पहिली विहीर इस्लामपूरच्या बाजूला, लालासाहेबांच्या उसाच्या रानात. लालासाहेब फौजेतून हवालदार म्हणून नुकतेच घरी आलेले. विहीर पुरी झाली त्या दिवशी मिस्त्रींनी मला वरून सोडलं आणि खालच्या पायरीवर उभे राहून लालासाहेब ओरडले, "फर्स्ट क्लास! एक सूतबी हाललं न्हाई गड्या!"

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस. त्यानंतर कौतुक पुष्कळ झालं, पण इतकं निर्मळ नाही.

चार वर्षांनी मिस्त्री पुन्हा त्या रानात गेले. आपलं पहिलं काम कसं आहे ते बघावं, या हौसेनं त्यांनी मला सोडलं आणि मी भिंतीवर रेललो. मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातलं एक पोस्टकार्ड फाडलं आणि त्याचा तुकडा ठोकळ्यामागं सरकवला. मग दुसरा. दोन तुकडे घातले तेव्हा मी नीट लटकलो. म्हणजे विहिरीचं तोंड पोस्टकार्डाच्या दोन तुकड्यांच्या जाडीएवढं फाकलं होतं.

त्या दुपारी मिस्त्री जेवले नाहीत. कठड्यावर बसून राहिले. आपला हात चुकला, हे त्यांना मान्य होईना. शेवटी उठले आणि म्हणाले, "फौजी, भित बांधली तवा सरळ हुती. तू सोता बगितलं हुतंस. मग भित हालली न्हाई, जिमीन हालली."

जमीन आतून फुगते म्हणून विहिरीचं तोंड फाकतं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. फुगणारी पृथ्वी जन्माला आली ती अशी.

मित्रांनो, खरं काय होतं ते मला तेव्हाच माहीत होतं. चार वर्षं रोज खरबरीत दगडावर घासून ठोकळ्याची एक बाजू झिजली होती. त्याची रुंदी कमी झाली, दोरी भिंतीकडं सरकली, म्हणून मी रेललो. भिंत जिथल्या तिथं होती. जमीनही होती तिथंच होती. पण ओळंब्याला तोंड असतं कुठं? आणि माणसाच्या मनाला जे लागलेलं असतं, ते दोरीनं कसं सांगणार?

तेव्हापासून दर उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मिस्त्री आपण बांधलेल्या विहिरी मापत फिरू लागले. विटा, इस्लामपूर, कऱ्हाड, पार साताऱ्याच्या वरच्या अंगाला. अशा सतरा विहिरी. प्रत्येकीत एका ठरावीक दगडावर त्यांनी तांबड्या रंगाची खूण केली होती. एका वहीत विहिरीचं नाव, साल आणि पोस्टकार्डाचे तुकडे किती, हे लिहीत. कमाल म्हणजे, एका वर्षात सगळ्या विहिरी सारख्याच फाकत! माणच्या कोरड्या माळावरची आणि कृष्णाकाठची, दोन्ही सारख्याच. मिस्त्रींना हा सगळ्यात मोठा पुरावा वाटे. "एकच हीर फाकली असती तर माजी चूक. सतरा हिरी एकदम कशा फाकत्याल?" असं ते विचारत. सतरा विहिरींत ओळंबा एकच आहे, हे कुणालाच सुचलं नाही.

मग त्यांचा विचार पसरत गेला. पूर्वी पृथ्वी लहान होती आणि तिच्यावर कातळाचं एकसंध कातडं होतं. ती आतून फुगली, कातडं फाटलं आणि फाटी पडल्या तिथं समुद्र भरले. कृष्णेचं खोरं म्हणजे तशीच एक फाट. साताऱ्याकडचे चंदन-वंदन हे जोडडोंगर मुळात एकच होते, ताण बसला म्हणून वेगळे झाले. सगळ्या डोंगरांचे माथे सपाट आणि एका पातळीत का, तर तेच जुनं कातडं. हे सगळं ते चुलीवरच्या भाकरीकडं बघत समजावत. भाकरी फुगते, पापुद्रा सुटतो आणि कडेला चीर जाते, तसं.

त्यांची बायको जरिना कधी कधी वैतागून म्हणे, "आवं, धरती फुगंल तवा फुगंल. ही भाकरी करपाय लागली, ताट घ्या की!"

एका शाळामास्तरांनी त्यांना सांगून पाहिलं की जमिनीचे तुकडे सरकतात, पृथ्वी काही फुगत नाही. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "जागा झाल्याबिगर तुकडं सरकत्याल कुटं, गुरुजी?" गुरुजींनी चहा संपवला आणि गेले. मिस्त्रींनी कॉलेजांना पत्रं लिहिली, त्यांना उत्तरं आली नाहीत. कट्ट्यावर लोक हसत. "मौला, आज किती फुगली रं?" असं विचारत. मिस्त्री वही उघडून खरंच सांगत. ते बघून मला फार वाईट वाटे.

ठोकळा बदला, असं एकदा एका पोरसवदा गवंड्यानं सुचवलं होतं. मिस्त्री म्हणाले, "माप घ्यायचं हत्यार मदीच बदाललं तर मागलं-म्होरलं माप जुळंल का?" मित्रांनो, त्यांनी ठोकळा आळसानं ठेवला नाही. इमान म्हणून ठेवला. तिथंच सगळं चुकलं.

पुढं सिमेंटच्या रिंगा आल्या, बोअर आले. घडीव दगडाची विहीर बांधून घेणारं गिऱ्हाईक उरलं नाही. नवे गवंडी भिंतीवर लाल उजेडाची रेघ मारून काम करू लागले. मी महिनोन् महिने पिशवीत पडून राहू लागलो. काम कमी झालं तसा ठोकळाही कमी झिजू लागला आणि वहीतले आकडे रेंगाळले. मिस्त्रींनी त्याचाही अर्थ लावला. "धरतीबी म्हातारी झाली," ते जरिनाला म्हणाले, "आता तिच्यानं फुगवत न्हाई." ते स्वतःबद्दल बोलत असावेत, असं मला वाटलं.

या वर्षी मात्र एक गोष्ट घडली. साताऱ्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या क्रांती मॅडमचं पत्र आलं. हौशी अभ्यासकांचा मेळावा भरणार होता आणि त्यात मिस्त्रींना बोलायला पंधरा मिनिटं दिली होती. तीस वर्षांत आलेलं पहिलं उत्तर. मिस्त्रींनी ते पत्र जरिनाला चार वेळा वाचायला लावलं. पांढरा सदरा धुऊन ठेवला. शेवटचं माप ताजं असावं म्हणून लालासाहेबांच्या विहिरीवर जायचं ठरलं. सोबत नात निघाली, अर्शिया. लेकीची लेक, बांधकामाच्या डिप्लोमाला शिकणारी. आजोबांचं भाषण कॉम्प्युटरवर उतरवायचं काम तिच्याकडं होतं.

विहिरीवर मिस्त्री कठड्याला बसले. गुडघे धरत, कुरकुरत लालासाहेब पायऱ्या उतरून तांबड्या खुणेपाशी गेले. मला खाली सोडलं. तुकडे घालत घालत गणती अकरावर आली.

"अकरा!" मिस्त्री म्हणाले. "लिही अर्शिया."

तिनं लिहिलं. मग सहज म्हणून आपल्या सॅकमधून कॉलेजचा नवा ओळंबा काढला. "नाना, याच्यानंही बघू या का? दोन मापं असली तर मॅडमना जास्त पटेल."

तिनं नवा ओळंबा सोडला. खालून लालासाहेब ओरडले, "ह्यो निस्ता शिवतोय. रेललाच न्हाई!"

"त्यो बाद हाय," मिस्त्री म्हणाले. "पोरांच्या शाळंतलं हत्यार ते."

अर्शियानं मला वर ओढलं. कठड्याच्या सपाट दगडावर मला आडवं ठेवलं, शेजारी माझा ठोकळा ठेवला आणि दोघांवर पट्टी आडवी धरली. पट्टी माझ्या पोटावर टेकली. ठोकळ्यावर मात्र फट राहिली. तिनं आजोबांच्या हातातले पोस्टकार्डाचे तुकडे घेतले आणि एकेक करत त्या फटीत सरकवले. अकरावा तुकडा बसला आणि फट भरली. बारावा जाईना.

मिस्त्री बघत होते. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, त्यांना अर्ध्यातच कळलं असणार. मी दगडावर पडून होतो. तीस वर्षं जे सांगायचं होतं ते एका पोरीनं कागदाच्या तुकड्यांनी सांगितलं होतं. मला हलकं वाटायला हवं होतं. पण मिस्त्रींच्या हाताकडं बघवेना. तो हात ठोकळ्याची झिजलेली बाजू परत परत चाचपत होता.

"नाना," अर्शिया हळूच म्हणाली, "हे कुणाला सांगायची गरज नाही. तुम्ही डोंगरांबद्दल बोला. आकडे गाळू आपण."

खालून आवाज आला. "वर काय चाललंय रं? रिपोर्ट दे की!"

मिस्त्री कठड्यावरून वाकून म्हणाले, "फौजी, माप शून्य."

"आँ?"

"हीर फाकली न्हाई. कवाच फाकली न्हवती. माजा ठोकळा झिजला."

लालासाहेब एकेक पायरी चढत, धापा टाकत वर आले आणि मिस्त्रींच्या शेजारी बसले. "तुज्या नादानं मी नातवंडांस्नी कदी कठड्यावर बसू दिलं न्हाई," ते म्हणाले. मग भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "म्हंजी तू बांदलीस ती भित आज तीस-पस्तीस वर्सांनीबी सरळ हाय?"

मिस्त्रींनी मान हलवली आणि त्यांना रडू आलं. तीस वर्षांपूर्वी, त्या न जेवलेल्या दुपारी, त्यांना फक्त एवढंच ऐकायचं होतं. त्यासाठी त्यांनी अख्खी पृथ्वी फुगवली होती.

घरी आल्यावर त्यांनी मॅडमना पोस्टकार्ड लिहिलं. माझं माप चुकलं, माझी पंधरा मिनिटं दुसऱ्या कुणाला द्यावीत. पत्र मिळताच मॅडमचा फोन आला. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही या. जे झालं तेच येऊन सांगा." मिस्त्री म्हणाले, "आदी हिरीवाल्यांस्नी सांगतो बाई, मग तुमास्नी. त्येंच्या दारात जाऊन खोटं बोललोय मी."

आता आम्ही तेच करतो आहोत. मिस्त्रींनी नवा ठोकळा करून घेतला आहे. एस.टी.नं जायचं, विहीर नव्यानं मापायची आणि मालकाला खरं सांगायचं. जुन्या विहिरी सरळ निघतात. त्यानंतर बांधलेल्या मात्र खरोखरच केसभर कललेल्या निघतात, कारण त्या झिजलेल्या ठोकळ्यानंच बांधल्या होत्या. तेही मिस्त्री सांगतात. तेवढ्यानं काही पडझड होत नाही, पण सांगतात.

परवा विट्याजवळ कृष्णात म्हणून एका शेतकऱ्याच्या विहिरीवर गेलो. त्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "येवढंच सांगाय ह्या उन्हाचं आलासा व्हय? मग धरती फुगती का न्हाई, त्ये तरी सांगा."

मिस्त्री मला पिशवीत ठेवत होते. थांबले. "फुगत आसंल, नसंल," ते म्हणाले. "मी काय ते मापलं न्हाई."

मित्रांनो, मी थकलो आहे. मिस्त्री माझ्याहून जास्त थकले आहेत, त्यांचा उजवा गुडघा सुजला आहे. अजून सहा विहिरी राहिल्या आहेत. तुमच्याजवळ माप घ्यायचं जे काही असेल, ते अधूनमधून कशाशी तरी ताडून बघत जा, एवढी माझी विनंती आहे. आणि एखाद्या दुपारी पांढऱ्या सदऱ्यातला एक म्हातारा तुमच्या विहिरीवर आला, कापडी पिशवी खाली ठेवून "माजं चुकलं हुतं" असं सांगू लागला, तर हसू नका. त्यांना सावलीत बसायला द्या, आणि पूर्ण ऐकून घ्या.